सोळा बिटांच्या चौकटीतला ‘डूम’

विज्ञानकथेच्या पार्श्वभूमीवरील ‘डूम’ हा नेमबाजीचा संगणकीय खेळ अमेरिकेतील ‘आयडी सॉफ्टवेअर’ या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. वैयक्तिक संगणकासाठी तयार झालेला हा खेळ सप्टेंबर १९९५ मध्ये ‘सुपर निन्टेन्डो’ या सोळा बिटी कन्सोलवर अवतरला. मूळ खेळाला लागणाऱ्या मेमरीचा केवळ बत्तिसावा हिस्सा या यंत्राजवळ होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तरीही तो तेथे आणला गेला, तोही मूळ खेळाची आज्ञावली हाताशी नसताना. संगणकीय खेळांच्या इतिहासात या आवृत्तीला जे स्थान लाभले, ते तिच्या देखणेपणामुळे नव्हे. अपुऱ्या साधनांत काय राखावे आणि काय सोडावे, याचा तो एक अभ्यासण्याजोगा नमुना आहे.

कथानक

‘डूम’चे कथानक मोजक्या वाक्यांत सांगता येते. मंगळाच्या फोबोस आणि डिमोस या दोन उपग्रहांवर ‘युनियन एरोस्पेस कॉर्पोरेशन’ या बलाढ्य कंपनीची संशोधन केंद्रे आहेत. एका ठिकाणची वस्तू क्षणार्धात दुसऱ्या ठिकाणी पोहोचवण्याचे प्रयोग तेथे चालू असतात. या प्रयोगांत नरकाचे द्वार उघडते आणि त्यातून आलेले दैत्य केंद्रांचा ताबा घेतात. वाचलेला एकटा सैनिक त्यांच्याशी झुंजत फोबोसवरून डिमोसवर आणि तेथून थेट नरकात उतरतो. या सैनिकाला नाव नाही. पडद्यावर दिसते ते त्याच्या डोळ्यांना दिसणारे दृश्य, खालच्या कडेला त्याच्या हातातील शस्त्र आणि जखमांगणिक रक्तबंबाळ होत जाणारा त्याचा चेहरा. खेळणारा पडद्यावरील पात्राला बाहेरून पाहत नाही, तोच ते पात्र होतो. म्हणून या प्रकाराला ‘फर्स्ट पर्सन शूटर’, म्हणजे प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ म्हणतात.

मूळ खेळाचे तीन भाग होते आणि प्रत्येक भागात नऊ, अशा एकूण २७ पातळ्या होत्या. पहिला भाग विनामूल्य वाटण्यात आला आणि पुढील दोन भागांसाठी पैसे आकारण्यात आले. जॉन कार्मॅक हे मुख्य प्रोग्रामर होते. जॉन रोमेरो आणि सँडी पीटरसन यांनी पातळ्यांच्या रचनेत मोठा वाटा उचलला, एड्रियन कार्मॅक आणि केव्हिन क्लाउड यांनी चित्रे केली, तर संगीत बॉबी प्रिन्स यांचे होते.

यंत्राची कुवत

संगणकावर ‘डूम’ खेळण्यासाठी किमान ३८६ वर्गाचा प्रोसेसर आणि ४ मेगाबाईट मेमरी लागत असे. खेळ सुरळीत चालावा, तर ४८६ वर्गाचा संगणक हवा. जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये ‘सुपर फॅमिकॉम’ या नावाने आलेल्या आणि १९९१ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ गतीने चालत असे. त्याची मुख्य मेमरी होती १२८ किलोबाईट.

अडचण केवळ वेगाची नव्हती. या कन्सोलची चित्र काढण्याची रीतच निराळी होती. संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रामर हव्या त्या ठिपक्याला हवा तो रंग देऊ शकतो. सुपर निन्टेन्डोचे चित्र मात्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या लहान टाइल मांडून तयार होई. मारिओसारखा नायक एका बाजूने धावतो आणि त्याच्यामागून विटा, ढग, झुडपे सरकतात, अशा खेळांसाठी ही रीत उत्तम होती. त्याच विटा व तीच झुडपे पुन्हा पुन्हा वापरता येत आणि थोड्या मेमरीत मोठे जग उभे राही. ‘डूम’मध्ये मात्र खेळणारा एक पाऊल पुढे सरकला की समोरचे प्रत्येक दृश्य बदलते. भिंत मोठी होते, तिची कड तिरपी होते, दूरचा दैत्य जवळ येतो. पूर्वी मांडलेली एकही टाइल पुन्हा कामी येत नाही.

भारतात त्या काळी घरोघरी पोहोचलेले व्हिडिओ गेम बहुधा याहूनही जुन्या, आठ बिटी निन्टेन्डो यंत्राच्या नकला असत. दूरचित्रवाणी संचाला जोडायचे, वरच्या खाचेत ‘कॅसेट’ बसवायची आणि मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळायचे, ही आठवण नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीला असेल. मराठीत रूढ झालेला ‘कॅसेट’ हा शब्द तसा चुकीचा. आत फीत नसे, असत त्या चिप. सुपर निन्टेन्डोवरील ‘डूम’ शक्य झाला, तो याच कारणामुळे. कॅसेटमध्ये केवळ खेळ साठवायचा असे बंधन नव्हते. तिच्यात एक वेगळा प्रोसेसरही बसवता येत होता.

ब्रिटनमधील ‘आर्गोनॉट’ या कंपनीने निन्टेन्डोसाठी असाच प्रोसेसर तयार केला होता. ‘सुपर एफएक्स’ नावाची ही चिप १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’ या अंतराळयुद्धाच्या खेळात प्रथम वापरली गेली. ठिपका-ठिपका रंगवून तो टाइलच्या स्वरूपात बसवण्याचे काम ती स्वतः करी आणि तयार चित्र कन्सोलच्या हवाली करी. तिची सुधारित आवृत्ती २१.४ मेगाहर्ट्झ गतीने चालत असे, म्हणजे यजमान यंत्राच्या सुमारे सहापट. ‘डूम’च्या कॅसेटमध्ये हीच दुसरी आवृत्ती होती. खेळाचा मोठा भार कन्सोल नव्हे, तर कॅसेट वाहत होती.

उलट दिशेने आलेले तंत्र

बलवान संगणकावरचा खेळ दुबळ्या कन्सोलवर उतरवला, एवढीच ही हकीकत असती तर ती एकमार्गी ठरली असती. प्रत्यक्षात ‘डूम’ला त्याचे सर्वांत महत्त्वाचे तंत्र याच कन्सोलमुळे गवसले होते.

‘डूम’च्या आधी, मे १९९२ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ हा खेळ आला होता. त्यात पडद्याच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी खेळणाऱ्याच्या डोळ्यापासून एक काल्पनिक किरण सोडला जाई. तो किती अंतरावर भिंतीला अडतो हे मोजून त्या रेघेवर भिंतीची उंची ठरे. हा खेळ सुपर निन्टेन्डोवर आणण्याचा करार झाला होता, पण बाहेरच्या माणसाकडे सोपवलेले काम तडीस जाईना. तेव्हा ‘डूम’चे काम काही आठवडे बाजूला ठेवून कंपनीने ते स्वतःच हाती घेतले. किरणांची रीत या यंत्रावर फार मंद पडते, हे कार्मॅक यांच्या ध्यानात आले. पर्याय शोधताना त्यांनी संशोधनपर लेखांतील एक जुनी कल्पना उचलली. तिचे नाव ‘बायनरी स्पेस पार्टिशनिंग’, म्हणजे अवकाशाचे द्विभाजन.

कल्पना समजण्यास कठीण नाही. पातळीच्या नकाशावर एक रेघ ओढून त्याचे दोन भाग करायचे. प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, त्यांचे पुन्हा दोन, असे करत नकाशाचे साधे तुकडे पाडायचे. कोणता तुकडा कोणत्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे, याची वंशावळीसारखी नोंद आधीच करून ठेवायची. खेळ चालू असताना खेळणारा कुठे उभा आहे एवढे कळले, की कोणती भिंत जवळची आणि कोणती दूरची, हे या नोंदीवरून झटपट समजते. जवळची भिंत आधी रंगवायची आणि तिच्याआड झाकले जाणारे काही रंगवायचेच नाही. वेळखाऊ गणित खेळ सुरू होण्यापूर्वीच उरकलेले असते.

हीच युक्ती पुढे ‘डूम’मध्ये वापरली गेली. काटकोनात नसलेल्या भिंती, कमी-अधिक उंचीच्या जमिनी, उघड्या खिडक्यांतून दिसणारे दूरचे अंगण, ही जी ‘डूम’ची वैशिष्ट्ये मानली जातात, ती पुरेशा वेगाने दाखवणे या तंत्रामुळे साधले. गरीब यंत्राची निकड भागवण्यासाठी शोधलेला मार्ग श्रीमंत यंत्राच्या कामी आला.

१९९४ मध्ये बाजारात आलेल्या सुपर निन्टेन्डोवरील ‘वुल्फेन्स्टाइन’ला दुसरीच कात्री लागली होती. निन्टेन्डोच्या धोरणानुसार रक्त आणि नाझी चिन्हे त्यातून काढली गेली, तर पहारेकरी कुत्र्यांच्या जागी मोठाले उंदीर आले. हिंसक व्हिडिओ गेमबाबत अमेरिकी सिनेटमध्ये पहिली सुनावणी झाली ती ९ डिसेंबर १९९३ रोजी, म्हणजे ‘डूम’ प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच दिवशी. त्यातून १९९४ मध्ये खेळांना वयोगटानुसार मानांकन देणारी यंत्रणा उभी राहिली.

सपाट नकाशा, अंतराचा आभास

‘डूम’चे जग त्रिमिती भासते, पण त्याचा पाया द्विमिती आहे. पातळीची रचना करणारा वरून पाहिल्यासारखा नकाशा काढतो. त्यात बिंदू असतात, बिंदूंना जोडणाऱ्या रेघा असतात आणि रेघांनी वेढलेले भाग असतात. प्रत्येक भागाला जमिनीची उंची, छताची उंची आणि प्रकाशाचे प्रमाण असे आकडे जोडले जातात. त्यावरून दालने आणि जिने उभे राहतात. म्हणूनच ‘डूम’मध्ये एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. नकाशावरील एका जागेला एकच जमीन आणि एकच छत.

थोडक्या आकारांतून सबंध जग उभे करण्याची कला पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांना नवी नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने वारली चित्रे काढली जातात. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून माणसे, झाडे, तारपा नाच आणि लग्नाचा चौक साकारतो. या चित्रात दूरचे लहान आणि जवळचे मोठे, असा दृष्टीला चकवणारा हिशेब नसतो. फेर धरलेले नर्तक समोरून दिसतात, त्यांचा फेर मात्र वरून पाहिल्यासारखा गोल असतो. डोळ्यांना फसवण्याची या कलेला गरज वाटत नाही.

‘डूम’चा सगळा खटाटोप मात्र त्या फसवणुकीसाठीच आहे. आतला नकाशा सपाट ठेवायचा आणि पाहणाऱ्याला अंतर जाणवू द्यायचे. हा खेळ खेळताना एक कळ दाबली की तो सपाट नकाशा पडद्यावर येतो आणि क्षणापूर्वी अंधाऱ्या बोळात चाचपडणाऱ्याला आतापर्यंत पाहिलेला प्रदेश साध्या रेघांत दिसू लागतो. दोन्ही कलांचे हेतू भिन्न असले, तरी साधनांची मर्यादा रूपाला आकार देते, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

आज्ञावलीविना घडलेला खेळ

सुपर निन्टेन्डोवरील ‘डूम’ प्रामुख्याने रँडल लिंडेन या प्रोग्रामरचे काम. ‘ड्रॅगन्स लेअर’ हा चित्रपटासारखा खेळ अमिगा संगणकावर उतरवून त्यांनी आधीच नाव मिळवले होते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या ‘स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअर’ कंपनीत असताना त्यांनी हा प्रयोग कोणाच्याही आदेशावाचून स्वतःच सुरू केला. ‘डूम’ची मूळ आज्ञावली त्यांच्याजवळ नव्हती. खेळाच्या चाहत्यांनी फायलींची रचना उलगडून एक अनधिकृत माहितीपत्रक प्रसिद्ध केले होते. त्याचा आधार घेऊन नकाशे आणि चित्रे कशी वाचायची हे त्यांनी जाणून घेतले. चित्र उभे करणारा गाभा त्यांनी नव्याने लिहिला आणि त्याला ‘रिअॅलिटी’ असे नाव दिले.

या कामाला लागणारी हत्यारेही तयार मिळण्यासारखी नव्हती. सुपर एफएक्स चिपसाठी आज्ञावली लिहिण्याची, जोडण्याची आणि तिच्यातील दोष शोधण्याची साधने लिंडेन यांनी अमिगा संगणकावर स्वतः घडवली. प्रयोगासाठी ‘स्टार फॉक्स’ची कॅसेट उघडून तिच्यात फेरफार केले. कन्सोल आणि संगणक यांच्यातील दुवा म्हणून खेळण्याच्या नियंत्रकांत बदल करून ते वापरले. चालता नमुना तयार झाल्यावरच तो कंपनीपुढे ठेवण्यात आला. त्यानंतर रीतसर परवानगी मिळाली आणि खेळ पूर्ण झाला.

काय राखले, काय गाळले

कॅसेटची क्षमता होती २ मेगाबाईट. संगणकावरील पूर्ण ‘डूम’ची मुख्य फाइलच सुमारे ११ मेगाबाईट होती. पाच हिश्शांतील चार वगळणे भाग होते. म्हणूनच लिंडेन यांनी कशाला हात लावला आणि कशाला लावला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

जमिनीवरची व छतावरची नक्षी पूर्णपणे गेली आणि तेथे सपाट रंग आले. मूळ खेळात दैत्य समोरून, बाजूने आणि पाठीमागून वेगवेगळा दिसे. येथे त्याचे केवळ समोरचे चित्र उरले. त्यामुळे प्रत्येक दैत्य सदैव खेळणाऱ्याकडेच रोखून पाहत असल्यासारखा वाटे. चित्राभोवती चौकट आली, पडद्याचा काही भाग रिकामा राहिला आणि दृश्याची गती मंदावली. २७ पैकी २२ पातळ्या उरल्या. खेळ मध्येच साठवून ठेवण्याची सोय नव्हती, की सांकेतिक शब्द देऊन पुढून सुरुवात करण्याचीही नव्हती.

नकाशांना मात्र त्यांनी फारसे हात लावले नाहीत. याच सुमारास ‘डूम’ इतर कन्सोलवरही पोहोचला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये अटारी जॅग्वार आणि सेगा ३२एक्स या यंत्रांवरील आवृत्त्या आल्या. ती दोन्ही यंत्रे सुपर निन्टेन्डोहून नवी आणि सामर्थ्यवान. तरी जॅग्वारसाठी अनेक नकाशे सोपे करण्यात आले आणि खेळ चालू असताना संगीत ऐकू येत नसे, कारण ध्वनीची चिप खेळाच्या गणितात गुंतलेली असे. ३२एक्सवर १७ पातळ्या होत्या. सायबरडीमन आणि स्पायडर मास्टरमाइंड हे मूळ खेळातील दोन महाकाय शत्रू या दोन्ही आवृत्त्यांत नव्हते. सर्वांत दुबळ्या सुपर निन्टेन्डोवर ते दोघेही आले, नकाशांचे वळण बरेचसे मूळचेच राहिले आणि संगीतही घुमत राहिले. सोनीने घडवलेल्या ध्वनिचिपमुळे ते संगीत आजही आवडीने ऐकले जाते.

यामागील निवड स्पष्ट आहे. जे डोळ्यांना सुखावते ते सोडले, जे वाट चुकवते आणि दबा धरून बसते ते राखले. जमिनीवरची नक्षी नसली तरी ‘डूम’ हा ‘डूम’च राहतो, पण चक्रव्यूहाची रचना बदलली तर तो दुसराच खेळ होतो, असा तो विचार होता. या निवडीची किंमत खेळणाऱ्याला मोजावी लागली, हेही खरे. धूसर चित्र आणि मंद गती यांवर बरीच टीका झाली. सप्टेंबर १९९५ मध्ये ही लाल रंगाची कॅसेट अमेरिकेत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर अधिक सफाईदार ‘डूम’ दाखल झाला आणि सोळा बिटी यंत्रांचा काळ सरू लागला.

खुला झालेला आराखडा

पाव शतकानंतर या खेळाला पुन्हा महत्त्व आले ते जतनाच्या प्रश्नामुळे. जुन्या कन्सोलचे आयुष्य मर्यादित असते. संपर्काच्या पट्ट्या झिजतात, चिप निकामी होतात, बनवणाऱ्या कंपन्या बंद पडतात. कॅसेटमधील आकडे उतरवून ठेवता येतात, पण ते आकडे असेच का लिहिले गेले, कोणत्या अडचणीवर कोणता उपाय योजला, हे त्यांवरून समजत नाही. ते ज्ञान आज्ञावलीत आणि ती लिहिणाऱ्याच्या टिपणांत असते. बहुतेक जुन्या खेळांची अशी कागदपत्रे हरवली आहेत.

आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’ची संगणकावरील आज्ञावली खुली केली. त्यामुळे तो खेळ आज जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालवून पाहिला जातो. लिंडेन यांनी जुलै २०२० मध्ये आपल्या सुपर निन्टेन्डो आवृत्तीची आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी उपलब्ध केली. सुपर एफएक्सवर एवढे मोठे काम कसे पेलले गेले, हे अभ्यासकांना प्रथमच ओळीगणिक वाचता आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लिमिटेड रन गेम्स’ या कंपनीने याच आवृत्तीची नवी कॅसेट काढण्याची घोषणा केली. लिंडेन यांनीच तिचे काम हाती घेतले. जुन्या सुपर एफएक्सच्या जागी ‘रास्पबेरी पाय’चा आरपी२३५० हा नवा मायक्रोकंट्रोलर योजला गेला आणि १९९५ मध्ये गाळाव्या लागलेल्या पातळ्या परत आणण्याचे ठरले. कन्सोल जुनाच, बुद्धी कॅसेटमध्ये, ही मूळची कल्पनाही तशीच राहिली.

भिंत पुन्हा सारवली की वारली चित्र पुसले जाते, हे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सर्वांना ठाऊक आहे. ती कला टिकली ती एखादी भिंत जपून ठेवल्यामुळे नव्हे. सवाशिणींनी ती पुढच्या पिढीच्या हाती दिली आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती कागदावर व कापडावर आणली, म्हणून ती टिकली. २०११ मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या मशे यांचे २०१८ मध्ये निधन झाले, पण चित्र काढण्याची रीत त्यांच्याबरोबर गेली नाही. संगणकीय खेळांच्या बाबतीतही वस्तू जपण्याइतकेच तिची घडण सांगून ठेवणे गरजेचे असते. सुपर निन्टेन्डोवरील ‘डूम’ हा आपल्या काळातील सर्वोत्तम ‘डूम’ कधीच नव्हता. तो कसा घडला हे आज कोणालाही वाचता येते आणि त्यावरून पुढचे काम उभारता येते, हे मात्र त्याच्याहून देखण्या असंख्य खेळांच्या वाट्याला आलेले नाही.